इंग्रजीच्या तासाची वही कशी ठेवावी

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीची वही बहुतेक वेळा एकाच कामासाठी भरली जाते: बाईंची किंवा सरांची लाल सही मिळवण्यासाठी. गाइडमधून प्रश्नोत्तरं उतरवायची, मथळ्याखाली स्केचपेनने दोन रेघा मारायच्या आणि वही तपासून आली की दप्तरात टाकायची. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती उघडली तर तिच्यात काय सापडतं? पुस्तकात आणि गाइडमध्ये जे आधीच छापलेलं आहे तेच, फक्त आपल्या अक्षरात. कुठला शब्द पुन्हा पुन्हा विसरला, कुठली चूक जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तशीच राहिली, याचा त्या वहीत पत्ता नसतो. खरं तर वही ठेवायची ती याच गोष्टींसाठी.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे आठवीत येईपर्यंत मुलांनी इंग्रजीच्या बऱ्याच वह्या भरलेल्या असतात. पण त्या फळ्यावरून उतरवलेल्या. स्वतः ऐकून, स्वतः निवडून टिपून ठेवायची वेळ आठवी-नववीपासून येते आणि अकरावीत तर शिक्षक फळ्यावर फारसं लिहीतही नाहीत. अशी वही पहिल्यांदाच ठेवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नव्याने जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही यातलं बरंच लागू पडेल.

वही घेताना

एकरेघी, मोठ्या आकाराची, २०० पानी एकच वही घ्या. दुकानात लाँगबुक किंवा फुलस्केप म्हणून मागितली की मिळते. चाररेघी वहीचं काम अक्षर वळणदार करण्याचं. ते झालं असेल तर ती सोडा. तिच्यात एका पानावर फार थोडा मजकूर मावतो. व्याकरणाची वेगळी, शब्दार्थांची वेगळी, निबंधांची वेगळी अशा चार पातळ वह्या करण्याचा मोह होतो, पण नेमक्या तासाला त्यातल्या दोन घरी राहतात. शाळेने गृहपाठाची वही वेगळी सांगितली असेल तर ती अर्थातच ठेवा. हा लेख तुमच्या स्वतःच्या वहीबद्दल आहे.

स्प्रिंगची वही दिसायला छान, पण तिची पानं भोकांपाशी फाटतात, आणि तपासायला दिलेल्या साठ वह्यांच्या गठ्ठ्यात स्प्रिंगा एकमेकींत अडकून बसतात. पिना मारलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं पलीकडचं जोडपान सैल होतं. म्हणून शिवलेली वही उत्तम.

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि जून म्हणजे पाऊस. जेल पेनची शाई पाण्यात मिसळणारी असते; दप्तर भिजलं की पानं निळी होतात आणि अक्षरं पुसली जातात. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. खाकी कव्हरवर प्लॅस्टिकचं कव्हर घाला, आणि निदान दिवाळीपर्यंत तरी बॉलपेननेच लिहा. लाल पेन शिक्षकांसाठी राखून ठेवायचा असतो, हिरवाही काही शाळांत चालत नाही. निळा बॉलपेन आणि एक शिसपेन्सिल एवढ्यावर सगळं भागतं. सात रंगांत सजवलेली वही मला नेहमी थोडी संशयास्पद वाटते. रंग बदलण्यात तास निघून जातो.

पानांना आकडे, वहीला विभाग

कोऱ्या वहीत पहिलं काम म्हणजे प्रत्येक पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात १ ते २०० आकडे घालणं. कंटाळवाणं काम आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत संपतं. पुढची सगळी व्यवस्था या आकड्यांवर उभी आहे.

नंतर विभाग पाडा. आठवी ते दहावीसाठी मी सुचवतो ती वाटणी अशी: पान १ ते ४ अनुक्रमणिका, ५ ते १२० रोजचा वर्ग, १२१ ते १५० लेखन, १५१ ते १७५ शब्द, १७६ ते २०० चुका. प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानाची बाहेरची कड स्केचपेनने रंगवली की वही बंद असतानाही विभाग कुठे सुरू होतो ते दिसतं. स्केचपेन आणायचंच असेल तर ते एवढ्यासाठी आणा.

अनुक्रमणिकेत तारीख, विषय आणि पान क्रमांक एवढे तीनच रकाने हवेत. ‘पाठ ३’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘पाठ ३, अप्रत्यक्ष वाक्यरचना’ असं लिहा, कारण मार्चमध्ये तुम्ही पाठ शोधत नसता, अप्रत्यक्ष वाक्यरचना शोधत असता.

आता वहीच्या शेवटच्या पानांबद्दल. आपल्याकडे प्रत्येक वहीची मागची पानं रफ कामाला जातात. तिथे फुल्ली-गोळा चालतो, सह्यांचा सराव होतो, पुढच्या बाकावरच्याचं चित्र निघतं. हे सगळं व्हायला हवं, शाळा त्याशिवाय काय! पण त्यासाठी जुन्या वह्यांच्या उरलेल्या कोऱ्या पानांची एक रफ वही शिवून घ्या. इंग्रजीच्या वहीची शेवटची पानं चटकन उघडता येतात, म्हणून ती सगळ्यांत महत्त्वाच्या विभागाला दिली आहेत.

रोजच्या वर्गाचं पान

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी पानाची एक आखणी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यात पानाचे तीन भाग होतात: उजवीकडे रुंद भाग टिपणांना, डावीकडे अरुंद भाग प्रश्नांना आणि तळाशी एक पट्टी साराला. आपल्या वहीतला छापील समास या कामाला फार अरुंद पडतो. डाव्या कडेपासून साधारण सहा सेंटिमीटरवर पेन्सिलने उभी रेघ मारा आणि तळाच्या चार-पाच ओळींच्या वर एक आडवी. आठवड्याची पानं रविवारी एकदम आखून ठेवली की वर्गात पट्टी शोधावी लागत नाही.

तास चालू असताना फक्त उजव्या भागात लिहायचं. समजा आज पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतला फरक शिकवला. फळ्यावर नियम आला, चार उदाहरणं आली. नियम एका ओळीत मराठीत टिपा: वेळ सांगणारा शब्द असेल (काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये) तर साधा भूतकाळ. उदाहरणं मात्र इंग्रजीत, रोमन लिपीत, पूर्ण वाक्यात. ‘आय हॅव सीन हिम’ बरोबर, ‘आय सॉ हिम यस्टर्डे’ बरोबर, ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ चूक. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली की नियमाचं स्पष्टीकरण उतरवायची गरज उरत नाही.

डावा भाग तासाला मोकळा ठेवायचा आणि घरी आल्यावर भरायचा. उजवीकडचं वाचून त्यातून प्रश्न काढायचे: ‘यस्टर्डे’ आलं तर कोणता काळ? ‘आय हॅव सीन’ कधी चालतं? तळाच्या पट्टीत त्या दिवशीची गोष्ट वापरून स्वतःचं एक-दोन वाक्यांचं इंग्रजी लिहायचं, स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं. आजीने काल काय केलं, भावाने कुठला सिनेमा आधीच पाहिला आहे. ही पट्टी बहुतेक मुलं कोरी ठेवतात. पण दिवसभरात स्वतःच्या डोक्यातून आलेलं इंग्रजी कुठे असेल तर ते याच पट्टीत. तिथली दोन वाक्यं गाइडमधून उतरवलेल्या दोन पानांपेक्षा मोलाची आहेत.

उजळणी करताना उजवा भाग वहीच्या दुसऱ्या पानाने किंवा हाताने झाकायचा आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. एवढ्यासाठीच ती उभी रेघ मारली आहे.

इंग्रजीच्या वहीत मराठी लिहावं की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझं मत असं: नियम समजून घ्यायला मराठी बेलाशक वापरा, उदाहरण नेहमी इंग्रजीत. पण दहावीच्या वर्षी व्याकरणातली नावं (काळ, प्रयोग, वाक्यप्रकार) इंग्रजीतून लिहायची सवय लावा, कारण कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतल्या, सूचना इंग्रजीत असतात. ‘प्रयोग बदला’ हे मराठीत पक्कं माहीत असून इंग्रजी सूचनेपाशी अडलेली मुलं दरवर्षी दिसतात.

शब्दांची पानं

पाठाखालचे सगळे शब्दार्थ उतरवू नका. ते पुस्तकात आहेत, तिथेच राहू द्या. दिवसाला पाच ते आठ शब्द निवडा. निवडताना स्वतःला विचारा, हा शब्द मी या आठवड्यात बोलण्यात किंवा लिहिण्यात वापरू शकतो का? कवितेतला एखादा जुनाट शब्द परीक्षेपुरता कळला तरी पुरे, त्याला वहीत जागा नको.

मुळाक्षरांप्रमाणे पानं वाटून शब्दकोश करण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. ती चालत नाही. इंग्रजीत एस, सी आणि पी यांनी सुरू होणारे शब्द भरमसाट, त्यामुळे ती पानं ऑगस्टमध्येच भरून जातात, आणि एक्स-झेडची पानं वर्षभर कोरी राहतात. तारखेप्रमाणे शब्द लिहीत जा, शेजारी पाठाचा क्रमांक घाला. नंतर कधी स्वयंपाकघर, शेती, प्रवास, बँक असे विषय धरून एखादं पान केलंत तर आणखी चांगलं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाणाऱ्यांनी तर सुरुवातच तिथून करावी. दुकानाच्या काउंटरवर उभं राहणाऱ्याला आधी काउंटरवरची वाक्यं हवीत.

प्रत्येक शब्दासाठी पाच रकाने: स्पेलिंग, उच्चार, शब्दाची जात, मराठी अर्थ आणि जोडीदार. यातल्या उच्चाराबद्दल आणि जोडीदाराबद्दल जरा सविस्तर सांगतो.

उच्चार देवनागरीत लिहायची सोय आपल्याला आहे, ती जरूर वापरा. कॅट, हॉट यांतले स्वर ॲ आणि ऑ या चिन्हांनी बऱ्यापैकी उतरतात. पण काही ठिकाणी आपली लिपी फसवते. ‘व’ हे एकच अक्षर व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना वापरलं जातं, त्यामुळे द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू, दोन्ही वहीत ‘वाइन’च होतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. उच्चाराच्या रकान्यात ‘व’च्या डोक्यावर पेन्सिलने बारीक व्ही किंवा डब्ल्यू लिहून ठेवा. झेडचंही तसंच. ‘जय’मधला ज आणि ‘जर’मधला ज आपण एकाच अक्षराने लिहितो, म्हणून झेडच्या उच्चारासाठी अक्षराखाली टिंब द्या. ‘मेझर’, ‘प्लेझर’ यांच्या मधल्या ध्वनीला मराठीत अक्षरच नाही. तिथे एक फुली मारा आणि शिक्षकांकडून किंवा मोबाइलमधल्या शब्दकोशातून ऐकून घ्या.

जोर कुठल्या भागावर येतो ते दाखवायला त्या अक्षराखाली रेघ ओढा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर (म्हणून तो ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो), ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत जोराने अर्थ किंवा जात अशी बदलत नाही, त्यामुळे कान त्याकडे लक्ष देत नाही. रेघ ओढली की डोळा तरी देतो.

न उच्चारलं जाणारं अक्षर स्पेलिंगमध्ये गोल करून ठेवा: सुरीच्या शब्दातला के, ‘लिसन’मधला टी, ‘आयलंड’मधला एस, कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी. स्पेलिंग दहादा लिहिण्यापेक्षा एक गोल जास्त लक्षात राहतो.

जोडीदार म्हणजे तो शब्द कुठल्या शब्दाबरोबर येतो ते. मराठीत आपण परीक्षा देतो, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ तोंडात येतं. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. पंखा आपण बंद करतो, म्हणून ‘क्लोज द फॅन’. इंग्रजीत तो ‘स्विच ऑफ’ होतो. गृहपाठ ‘डू’ करायचा, चूक ‘मेक’ करायची. सुटा शब्द पाठ असतो पण वाक्यात बसत नाही, याचं कारण बहुधा हा रिकामा रकाना. मराठी अर्थ लिहायचा राहिला तर एक वेळ चालेल, जोडीदार राहू देऊ नका.

आता हे शब्द विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याला दिसलं की पाठ केलेलं सगळ्यांत वेगाने विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी. नंतर हा वेग मंदावतो. वहीसाठी याचा अर्थ सरळ आहे. नवे शब्द त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पाहायचे. कागदाची एक लांब पट्टी दुमडून शब्दांच्या विभागात ठेवा, तिने अर्थाचा रकाना झाका आणि आठवा. आठवला तर शब्दाशेजारी पेन्सिलचा एक ठिपका. नाही आठवला तर काहीच करायचं नाही. चार ठिपके मिळाले की तो शब्द तुमचा. महिनाभराने पान पाहिलं की कुठले शब्द अजून बिनठिपक्याचे आहेत ते लगेच दिसतं आणि उजळणी तेवढ्यांचीच करायची असते.

चुकांची पानं

वहीचा हा विभाग माझ्या मते बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा आहे. वेळ कमी असेल तर वरचं सगळं सोडा आणि एवढंच ठेवा.

पान उभं तीन भागांत आखा: चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य, कारण. तपासून आलेली वही, चाचणीचा पेपर, वर्गात बोलताना शिक्षकांनी अडवलेलं वाक्य, जिथे चूक सापडेल तिथून ती इथे आणायची. पूर्ण वाक्य आणायचं, नुसता शब्द नाही. कारण एका ओळीत, शक्यतो मराठीत, आणि स्वतःला पटेल असं.

मराठी बोलणाऱ्यांच्या चुका बऱ्याचशा ठरावीक असतात, कारण त्या मराठीतूनच येतात. ‘मी इथे दोन वर्षांपासून राहतो’ यातलं ‘पासून’ आपल्याला ‘सिन्स टू इयर्स’कडे ओढतं, पण ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो (सिन्स २०२२) आणि मुदतीला ‘फॉर’ लागतं. सोमवारी, सकाळी, पाच वाजता हे आपण प्रत्ययांनी भागवतो. इंग्रजीत तिथे ऑन, इन, ॲट असे तीन वेगळे शब्द येतात. मराठीत आर्टिकलच नाहीत, म्हणून ती गळतात. ‘डिडन्ट’नंतर पुन्हा भूतकाळ लावून ‘डिडन्ट वेन्ट’ होतं, कारण ‘गेला नाही’मध्ये क्रियापद भूतकाळीच असतं. ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ होतं. तिथे प्रश्नाचा क्रम नको, ‘व्हेअर ही इज’ हवं. ‘डिस्कस अबाउट’मधलं ‘अबाउट’ आपण ‘विषयी’मुळे आणतो. आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा एस! तो बारावीपर्यंत गळत राहतो, नंतरही.

कारणाच्या रकान्यात या चुकांना एक खूण द्या. आर्टिकलला आ, काळाला का, शब्दयोगी अव्ययाला श, कर्ता-क्रियापदाच्या मेळाला मे, स्पेलिंगला स्पे, शब्दक्रमाला क्र. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. बहुतेक वेळा एक-दोन खुणाच निम्म्याहून जास्त निघतात. पुढच्या महिन्याचा सराव फक्त त्यांचा. ‘माझं व्याकरण कच्चं आहे’ असं म्हणून कोणालाच काही करता येत नाही, ‘माझे श जास्त आहेत’ म्हटलं की शिक्षकही दहा मिनिटांत मदत करू शकतात.

दुरुस्त वाक्य तेच तेच तीनदा उतरवण्यापेक्षा त्या रचनेची तीन वेगळी वाक्यं लिहा. ‘फॉर टू इयर्स’ चुकलं होतं ना? मग बाबा किती वर्षं नोकरीत आहेत, आपण किती वेळ बसची वाट पाहतोय, घरात मांजर किती महिन्यांपासून आहे, ही तीन वाक्यं. हात तेवढाच चालतो, पण डोकंही चालतं.

व्हाइटनर वापरू नका. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ ओढून वर दुरुस्ती करा, म्हणजे चूकही वाचता येते आणि दुरुस्तीही. शिवाय व्हाइटनर सुकायच्या आत वही मिटली की समोरचं पान चिकटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी सगळे वही मिटतातच. वही स्वच्छ दिसली नाही म्हणून काही घरांत मुलांना बोलणी बसतात. पालकांनी या विभागात स्वच्छता शोधू नये, तारखा शोधाव्यात. गेल्या पंधरा दिवसांत इथे एकही नवी तारीख नसेल तर मूल चुकत नाही असं नव्हे, ते नोंदवत नाही.

लेखन आणि परीक्षेची पानं

राज्य मंडळाच्या दहावीला मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची, अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. लेखीत भाषाभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २०, कवितेला १०, न पाहिलेला उतारा आणि सारांश मिळून १५, लेखनकौशल्याला २० आणि भाषांतराला ५ अशी विभागणी आहे. चालू वर्षाचा आराखडा शाळेतून घेऊन वहीच्या पान १२१ वर चिकटवा.

हे आकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. प्रश्नोत्तरं उतरवण्यात वर्षभराची शाई जाते, पण न पाहिलेला उतारा, सारांश, लेखन आणि भाषांतर मिळून निम्मे गुण अशा ठिकाणी आहेत जिथे उतरवलेलं कामाला येत नाही.

लेखन विभागात प्रत्येक प्रकाराला दोन समोरासमोरची पानं द्या: पत्र, संवाद, भाषणाचा मसुदा, माहितीचं रूपांतर, कल्पनाविस्तार. डाव्या पानावर सांगाडा, म्हणजे पत्ता कुठे, तारीख कुठे, सुरुवातीचं आणि शेवटचं ठरावीक वाक्य कोणतं. उजव्या पानावर तुम्ही लिहिलेला आणि शिक्षकांनी तपासलेला एक नमुना. लिहिताना एक ओळ सोडून लिहा. दुरुस्त्यांना जागा लागते, आणि दाटीवाटीने लिहिलेल्या मजकुरात शिक्षक फक्त शेवटी सही करतात. तपासल्यावर त्यातल्या चुका उचलून मागच्या विभागात न्यायच्या.

प्रत्येक कवितेला एक पान पुरतं: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना. रसग्रहणात हेच विचारतात. अलंकाराचं नाव लिहिलं की शेजारी ती ओळ लिहिलीच पाहिजे. भाषांतरासाठी वेगळं काही नको. शब्दांच्या विभागात भेटलेल्या म्हणी आणि वाक्प्रचारांना तारा काढत जा, म्हणजे शेवटी तेवढेच चाळता येतात.

बुडालेला तास, झेरॉक्स, मोबाइल

गैरहजर असाल त्या दिवसाचं एक पान तारीख टाकून कोरं सोडा. मित्राच्या वहीतून पूर्ण उतरवू नका. उदाहरणं तेवढी घ्या आणि काय शिकवलं ते त्याला पाच मिनिटं बोलायला लावा. फळ्याचा फोटो काढण्याला माझा विरोध नाही, पण तो गॅलरीत लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो. त्याच रात्री त्यातलं वहीत आलं तर ठीक.

झेरॉक्स नोट्स वहीत नुसत्या खुपसल्या की आठवड्यात गहाळ होतात. त्यांच्या फक्त डाव्या कडेला डिंक लावून चिकटवा, म्हणजे दुमडून उघडता येतात आणि खालचं पानही वाया जात नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची छपाई काढायची गरज नाही. तिचं नाव आणि आलेली तारीख त्या पाठाच्या पानावर लिहिली की सापडते.

रविवारची अर्धा तास बैठक

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. अनुक्रमणिका पुढे न्यायची, डावीकडचे राहिलेले प्रश्न भरायचे, शब्दांवर पट्टी फिरवायची, चुका उचलायच्या आणि पुढच्या आठवड्याची पानं आखायची. क्रम हाच असला पाहिजे असं नाही, पण चुका शेवटाला ठेवल्या तर त्या राहून जातात, असा अनुभव आहे. सणवार, लग्न, गावची जत्रा यांत एखादा रविवार बुडेल. मागचं सगळं भरून काढायच्या नादाला लागू नका. बुडालेल्या आठवड्याच्या फक्त चुका घ्या आणि पुढे चला.

चौमाही किंवा सहामाहीच्या आसपास २०० पानांतला कुठला तरी विभाग भरत येतो, बहुधा रोजच्या वर्गाचा. दुसरी वही घेतलीत की तिच्या लेबलवर ‘भाग २’ घाला आणि पानांचे आकडे २०१ पासून सुरू करा, म्हणजे दोन्ही वह्यांची अनुक्रमणिका एकच राहते. जुन्या वहीतले सगळे शब्द नव्या वहीत उतरवू नका. चार ठिपके न मिळालेले शब्द आणि अजूनही होणाऱ्या चुका एवढंच पुढे न्या. भाग १ रद्दीत देऊ नका, लेखी परीक्षा होईपर्यंत तो अभ्यासाच्या कपाटात राहू द्या. तपासलेली पत्रं आणि संवाद त्यातच आहेत.